ग्रँड कूलीची सहल आणि आपलं वीजबिल

प्रेषक: मुक्ता (सहल समिती)

सर्वांना नमस्कार,
ऑगस्टच्या सहलीसाठी आपल्या वॉशिंग्टन राज्यातलं ग्रँड कूली धरण नक्की झालंय. रात्रीचा लेझर शो मुलांना आवडेल. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.

प्रेषक: श्रीरामकाका

मुक्ता, आमची दोघांची नावं घाल. एक विनंती आहे. मुलांना भिंत दाखवाल तेव्हा तिच्यामागे काय बुडालं तेही सांगा. केटल फॉल्स हा धबधबा पाण्याखाली जाणार म्हणून जून १९४० मध्ये कोलव्हिल, स्पोकॅन आणि शेजारच्या मूळ अमेरिकन जमातींचे लोक तिथे जमले आणि रडून धबधब्याला निरोप दिला. धरणात माशांसाठी वाट ठेवलीच नाही. सामन तिथून वर यायचे बंद झाले.

माशांबद्दल निदान बोललं तरी जातं. डोंगरावर बर्फ साचला की हरणं नदीकाठी चरायला उतरत, तो काठही गेला. ओढ्याकाठचे वॉटर बर्चही गेले. शार्प-टेल्ड ग्राउस नावाचा तित्तिराच्या जातीतला पक्षी हिवाळ्यात या झाडांच्या कळ्यांवर जगतो. आज तो वॉशिंग्टन राज्याच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे.

१९८० च्या नॉर्थवेस्ट पॉवर ॲक्टने या नुकसानीची भरपाई बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशनवर, म्हणजे इथल्या धरणांची वीज विकणाऱ्या सरकारी संस्थेवर टाकली. त्या पैशातून कोलव्हिल जमाती जुनी कुरणं, रँच विकत घेऊन हरणांसाठी आणि या पाखरांसाठी राखतात. पैसा येतो वीजदरातून. बॉथेल, लिनवूड, एव्हरेटकडच्या मंडळींना वीज देणारी स्नोहोमिश पीयूडी बहुतेक वीज बॉनव्हिलकडूनच घेते. म्हणजे ही भरपाई आपल्या बिलातूनही जाते, आणि ती जायलाच हवी.

प्रेषक: अमोल

काका, हे माहीतच नव्हतं. पण जेवढे एकर बुडाले तेवढे विकत घेतले की हिशेब मिटला ना? की आयुष्यभर भरायचं?

प्रेषक: श्रीरामकाका

अमोल, हिशेब नुसत्या एकरांचा नसतो. एखाद्या प्राण्यासाठी जमीन किती चांगली, याला शून्य ते एक असा गुण देतात आणि त्याने एकरांना गुणतात. शंभर एकर जमिनीला ०.६ गुण मिळाला तर साठ एकक जमा. गुरांनी खाऊन उजाड झालेल्या रानाला गुण कमीच पडणार. ते वाढवायचे तर कुंपणं काढा, तण उपटा, ओढ्याकाठी झाडं लावा, आणि ती मोठी होईपर्यंत जपा. त्यात चीटग्रास नावाचं तण लवकर वाळतं आणि भडकतं. २०१५ च्या नॉर्थ स्टार वणव्यात दोन लाखांहून जास्त एकर जळाले, त्यातलं बरंचसं कोलव्हिल रिझर्वेशनवरचं, म्हणजे या जमातींच्या राखीव प्रदेशातलं. अशा वेळी पुन्हा पहिल्यापासून. धरण उभं आहे तोवर नुकसानही चालूच आहे. मग राखणीचा खर्च थांबेल कसा?

माझं आजोळ पाटण तालुक्यातलं. कोयनेची वीज मुंबईपर्यंत पोचली आणि उठवलेली माणसं जमिनीसाठी कित्येक दशकं आंदोलनं करत राहिली. म्हणून इथे उशिरा का होईना, कायद्याने हक्काचे पैसे मिळतात आणि रान कसं राखायचं ते जमातीच ठरवतात, हे मला मोलाचं वाटतं. गेलेला धबधबा मात्र कुठल्या एककात बसत नाही.

मुक्ता, कूली डॅम गावात कोलव्हिल जमातींचं संग्रहालय आहे. शोच्या आधी तिथे जाऊ या. फोन करून वेळ विचारतेस का? रिझर्वेशनवर रस्ता सोडून परवानगीशिवाय कुणी आत शिरू नये, हेही पत्रकात टाक. आमच्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत.