सिडनी: पक्ष्यांसाठी अंगणात कोणतं फिग लावू?

पॅरामॅटाकर: मागचं अंगण 9 बाय 7 मीटर, सीवर लाइन (सांडपाण्याचा पाइप) कुंपणालगत. इथलंच फिग, म्हणजे वड-उंबराच्या कुळातलं झाड हवंय. बजेट 60 डॉलर, मातीसकट.

पारंबी: मोर्टन बे फिग सोडून काहीही. त्याचा घेर अख्ख्या घरावर जातो, ते सार्वजनिक बागेत शोभतं.

कुंडीवाला: पोर्ट जॅक्सन फिग, कुंडीत. 500 मिमीची सिरॅमिक कुंडी घ्या, 180 डॉलरला बसते पण टिकते. दर दोन वर्षांनी नोव्हेंबर-डिसेंबरात काढून एक तृतीयांश मुळं छाटायची. थंडीत छाटलीत तर नवी मुळं फुटायला फार वेळ लागतो आणि फांद्या वाळतात.

पॅरामॅटाकर: 60 म्हटलंय हो.

रानवेल: जमिनीत नको, जुन्या पाइपांच्या सांध्यातून मुळं आत शिरतात. झाड मात्र सोन्यासारखं. फुलं फळाच्या आतच, आपल्या उंबरासारखी. परागण करणारं चिलट (खरं तर इवलीशी गांधीलमाशी) दोनेक दिवसच जगतं, तेवढ्यात त्याला दुसरं झाड सापडायला हवं. सगळी झाडं एकदम पिकत नाहीत म्हणूनच त्याचं जमतं, आणि इतर फळं संपली तरी फिगबर्ड, कोएल हे पक्षी आणि वटवाघळं यांना कुठेतरी खायला मिळतं. प्रत्येक फिगचं चिलट वेगळं. मोर्टन बेचं न्यूझीलंडात पोचलं आणि ते झाड तिथे आपोआप उगवू लागलं.

झुळूक: वटवाघळं म्हणजे गाडीवर शिंतोडे. जाळी टाका.

रानवेल: मग पक्ष्यांनी खायचं काय? टाकायचीच तर भोकं 5 मिमीहून बारीक हवीत. अडकलेल्या वटवाघळाला हात लावू नका, रेबीजसारख्या लिसाव्हायरसचा धोका असतो. वन्यजीव बचाववाल्यांना बोलवा.

पारंबी: जमिनीत पोर्ट जॅक्सन नकोच, मुळं पाइपात जातात.

रानवेल: वर तेच लिहिलंय.

ओढाकाठ: सँडपेपर फिग का नाही? ओढ्याकाठचं झाड, साधारण 6 ते 12 मीटर, पान खरखरीत. आदिवासी त्याने लाकूड घासत. नर-मादी झाडं मात्र वेगळी, बियांच्या रोपावरून कळत नाही. पाखरांना खायला मादीचीच फळं लागतात, तेव्हा मादीच्या फांदीपासून केलेलं रोप मागा. उन्हाळ्यात मुळाशी कोरडं पडलं की पानं गळतात, बुंध्याभोवती पालापाचोळा घाला.

झुळूक: फळात किडे असतात ना? फवारणी?

ओढाकाठ: उंबर फोडून केंबरं काढायची हौस कशाला? ते किडे मेले तर बी धरणार नाही. पोर्ट जॅक्सनच्या पानाखाली चिकट पांढरे ठिपके दिसले तर तो सिलिड, म्हणजे रस शोषणारा किडा, गळलेली पानं उचलून टाका.

पॅरामॅटाकर: ठरलं. सँडपेपरची बियांची रोपं, तीन, लाइनपासून लांबच्या कोपऱ्यात. फळ धरल्यावर मादी ठेवून दोन उपटेन. कुंडी नाही.

कुंडीवाला: उपटाल तेव्हा बघू.