साताऱ्यात चार दिवस निवांत: राजधानी बघायची की नुसता मुक्काम करायचा?

चिमणपुराकर

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या नातलगांचे फोन सुरू होतात. बेत ठरलेला असतो. पहिल्या दिवशी कास आणि ठोसेघर, रात्री साताऱ्यात झोपायचं, सकाळी उठून महाबळेश्वर. दिवाळीपर्यंत कासची फुलं सरलेली असतात, ठोसेघरचं पाणी उतरलेलं असतं, तरी गाडी तिकडेच. ज्या गावात झोपायला येतात ते छत्रपतींची राजधानी होतं, हे त्या बेतात कुठेच नसतं.

माझं म्हणणं असं की साताऱ्याला चार दिवस द्यावेत. राजवाड्यापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी एकच खोली घ्यावी आणि ती बदलू नये. सकाळी एक जागा, संध्याकाळी एक जागा, दुपारी जेवून झोप. एवढंच.

12 जानेवारी 1708 ला शाहू महाराजांनी इथे राज्याभिषेक करून घेतला. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसवलं. आज आपण ज्या पेठांतून दूध-भाजी आणायला जातो, त्यांचा पाया तेव्हाचा. पहिली संध्याकाळ म्हणूनच मोती चौक, राजपथ आणि राजवाडा अशी पायी काढावी. जुन्या राजवाड्यासमोर थोडं थांबावं. इथे पुढे सरकारी हायस्कूल भरायचं, आणि 7 नोव्हेंबर 1900 ला तिथल्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं. ज्या वास्तूत राजाचा दरबार, तिथेच बाबासाहेबांची इंग्रजी पहिली. गाडीतून जाताना हे कसं कळणार?

अजिंक्यताऱ्याला सकाळचा वेळ द्यावा. मंगळाई देवीच्या बाजूच्या तटावर उभं राहून खाली करंजे गाव शोधायचं. 1699 च्या डिसेंबरात औरंगजेबाची छावणी तिथे पडली होती. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला चार महिन्यांवर झुंजवला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. पहिला उडाला तेव्हा प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा उडाला तेव्हा तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि चढाईसाठी खाली दाटीवाटीने उभे असलेले शेकडो मोगल त्याखाली गेले. एप्रिल 1700 मध्ये किल्ला पडला, औरंगजेबाने त्याचं नाव आझमतारा ठेवलं. मराठ्यांनी परत घेतला तो अजिंक्यतारा झाला. हे सगळं तिथेच उभं राहून सांगितलं तर मुलं मोबाइल खिशात घालतात, हे मी बघितलंय.

उरलेल्या वेळात संगम माहुली, लिंबची बारा मोटेची विहीर आणि सज्जनगड. प्रत्येकाला वेगळी सकाळ. गडावर दुपारचा प्रसाद घेऊनच उतरायचं. महाबळेश्वर पुढच्या वर्षी.

करंजे_टुरिस्ट

काका, तुमच्या करंज्यातलाच आहे मी, आणि बरीच वर्षं पाहुण्यांना फिरवतोय. इतिहासाबद्दल दुमत नाही. पण माणूस वर्षातून चार दिवस रजा काढतो, पोरंबाळं घेऊन येतो, त्याला डोळ्यांना काहीतरी दिसायला पाहिजे ना. राजवाडा बाहेरून बघायचा. अदालत वाडा बाहेरून बघायचा. अजिंक्यताऱ्यावर ताराराणींच्या वाड्याची जोती शोधावी लागतात. मी गाडी थांबवून सांगतो, लोक खिडकीतून बघतात आणि विचारतात, आता पुढे काय? पहिल्या दुपारीच विचारतात.

आणि निवांत म्हणाल तर खरा निवांतपणा बामणोलीला. कोयनेच्या शिवसागर जलाशयात बोटीत बसलं की कुणी घड्याळ बघत नाही. शहरातल्या पोवई नाक्याच्या गर्दीत कसला आलाय निवांतपणा? माझ्या हिशोबाने शहराला एक संध्याकाळ आणि एक सकाळ पुरते. तुमची माहुली-लिंब धरून दोन रात्री. त्याच्या पुढे ताणलं तर पाहुणा कंटाळतो आणि परत येत नाही. माझं पोट त्याच्या परत येण्यावर आहे.

कृष्णाकाठ_सांगली

मी तिसरंच म्हणतो. चार दिवस द्यावेत, पण एका गावाला नव्हे.

शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला गेले. पुढच्या वर्षी सांगोल्याचा करार झाला आणि कारभार पुण्याला पेशव्यांकडे गेला. म्हणजे सातारा खऱ्या अर्थाने सत्तेचं केंद्र होतं ते जेमतेम चाळीस वर्षं. जुना राजवाडा म्हणून जो दाखवता तो प्रतापसिंह महाराजांच्या काळातला, इंग्रजांनी 1818 नंतर गादी पुन्हा उभी केली तेव्हाचा. शाहूंच्या राजधानीतलं उभं असलेलं फार थोडं आहे आणि त्यातलं उत्तम ते शहराबाहेर आहे.

राजधानी समजून घ्यायची तर तिची माणसं कुठे राहत होती ते बघा. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. वाईचे घाट. औंधला पंतप्रतिनिधींचं संस्थान, आणि भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 ला उभारलेलं तिथलं संग्रहालय. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प एका खेड्यातल्या टेकडीवर बघायला मिळतं, हे महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे आहे? हे सोडून मोती चौकात चार संध्याकाळी काढा म्हणणं मला हट्टाचं वाटतं.

चिमणपुराकर

सांगलीकर, औंधला जाच, मी कधी नको म्हटलं? पण चाळीस वर्षांचा मुद्दा मला मान्य नाही. कारभार पुण्याला गेला तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच यावी लागत. थोरल्या माधवरावांनाही ती घ्यावी लागली आणि दुसऱ्या बाजीरावालाही. गादीशिवाय पुण्याच्या हुकुमाला अर्थ नव्हता.

आणि इंग्रजी काळातलं म्हणून प्रतापसिंहांचा राजवाडा कमी प्रतीचा कसा? उलट मला तोच भाग सगळ्यात जास्त दाखवावासा वाटतो. 1839 ला इंग्रजांनी त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षं तिथे दारोदार झगडत राहिले. 1848 ला दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केलं. 1857 च्या उठावात इंग्रजांनी गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यात रंगो बापूजींचा मुलगाही होता. गेंडामाळ आपल्या शहरातच आहे. साताऱ्यात जन्मलेल्या किती मुलांना तो दाखवलाय? राजधानी कशी उभी राहिली ते अजिंक्यताऱ्यावर कळतं आणि ती कशी हिरावून घेतली ते गेंडामाळावर. दोन्हींसाठी शहरातच थांबावं लागतं.

करंजेकर भाऊ, लोक विचारतात आता पुढे काय, कारण त्यांना मागे काय झालं ते कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही सांगता, पण चालू गाडीत. पाच मिनिटं उतरवून सांगा, फरक पडेल.

माची_पेठेतली

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही, म्हणून लिहिते.

माझ्याकडे मागच्या हिवाळ्यात मावशी आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या, तिघी साठीच्या पुढच्या. मी त्यांना अगदी चिमणपुराकर म्हणतात तसंच फिरवलं. गोष्टी त्यांना आवडल्या, मन लावून ऐकल्या. पण किल्ल्यावर दोन तास काढायचे तर बाईमाणसाने स्वच्छतागृहाचं काय करायचं? म्हणून त्या सकाळपासून पाणीच प्यायल्या नाहीत. माहुलीच्या घाटावर समाध्या कुणाच्या हे सांगणारा धड फलक मिळेना. शाहू महाराज, येसूबाई, ताराराणी यांच्या समाध्यांचं ठिकाण, आणि आम्ही तिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत उभ्या. शेवटी एका गुरवबाबांनी सोबत येऊन दाखवलं, अगदी शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याच्या समाधीपर्यंत.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. राजधानी म्हणून लोकांना चार दिवस बोलवायचं असेल तर आधी सोयी करा, मग आमंत्रणं द्या. तोवर दोन दिवसच बरे. म्हाताऱ्या माणसांना तहानलेलं ठेवून इतिहास दाखवण्यात मला कमीपणा वाटतो.

गोडोली_सकाळची_फेरी

ताई, सोयींचं शंभर टक्के बरोबर. पण दोन दिवसांच्या बेतात तर हाल जास्त होतात. तेच किल्ला-माहुली-सज्जनगड मग एका दिवसात कोंबतात, आणि म्हातारी माणसं दिवसभर गाडीत उकडतात. चार दिवस असले तर किल्ल्यावर तासभर जाऊन नाश्त्याला खोलीवर परत येता येतं. शहरातच राहायचं ते यासाठी. किल्ला गावाच्या डोक्यावर आहे, कुठूनही गाडीने थोडक्यात दरवाज्यापाशी पोहोचता.

आणखी एक. एस. टी. स्टँडजवळचं शिवाजी महाराजांचं संग्रहालय कुणीच धरलं नाही. 2024 ला लंडनहून वाघनखं आली तेव्हा आधी तिथेच मांडली होती. त्या वेळी लोकांनी रांगा लावल्या आणि आता इतर शस्त्रं, पोशाख बघायला फारसं कुणी फिरकत नाही. उन्हाच्या वेळेला याच्याइतकी चांगली जागा गावात नाही. सुट्टीचा वार तेवढा आधी विचारून जा.

करंजे_टुरिस्ट

संग्रहालय मान्य. चार भिंती नावाच्या टेकडीवरच्या जागी संध्याकाळ मान्य, तिथून सगळं शहर दिसतं आणि प्रतापसिंह महाराजांच्या काळात दसऱ्याची मिरवणूक तिथून बघायचे हे सांगितलं की लोक खूश होतात. पण चार दिवस अजूनही नाही. ताईंचं म्हणणं मी रोज बघतो. गाडीत लहान मूल असलं की किल्ल्यावरून अर्ध्या तासात खाली यावं लागतं, दुसरा इलाज नाही.

व्यंकटपुरा_माहेर

आता ठाण्याला असते. नोव्हेंबरात आईला घेऊन चार दिवस यायचा विचार आहे म्हणून सगळं वाचत होते. आईचे गुडघे दुखतात, पण तिला बारा मोटेची विहीर बघायचीच आहे. लहानपणी ऐकलेलं, कधी गेली नाही. जमेल का? आणि जेवणाचं कसं?

चिमणपुराकर

नक्की जमेल. विहिरीत उतरायचा जिना आहे, मधल्या महालात हत्ती, वाघ, गणपती कोरलेत, तिथपर्यंत त्या नाही उतरल्या तरी चालेल. वरूनच चक्कर मारा. मोटा जिथे लावायचे ते दगडी धक्के वरच आहेत. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधून घेतलेली. सकाळी लवकर जा. सुट्टीच्या दिवशी दहानंतर फोटोवाल्यांची झुंबड उडते.

जेवणात एकदा तरी वाघ्या घेवड्याची आमटी आणि भाकरी मागा. कोरेगावचा घेवडा, त्याला भौगोलिक मानांकन आहे. हॉटेलच्या कार्डावर नसेल तर घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि कंदी पेढे निघायच्या दिवशी सकाळी घ्या, ताजे मिळतात.

माची_पेठेतली

आणि ताई, किल्ल्यावर जाण्याआधी खोलीवरूनच सगळं आटोपून निघा, आईंना पाणी मात्र प्यायला द्या. तासाभरात खाली या. किल्ल्यावरचं राहिलेलं दुसऱ्या सकाळी बघता येईल, तुमच्याकडे चार दिवस आहेत.

करंजे_टुरिस्ट

त्यातला एक दिवस बामणोलीला द्या. आईंना बोटीत चढताना हात द्यायला माणूस मिळतो, मी स्वतः बघितलंय. चौथा दिवस मोती चौकात काढलात तर पुढच्या वेळी मला सांगा, कोण बरोबर होतं ते.