पॉप्लरच्या कलमांवर पुन्हा तोच रोग : मदत हवी आहे

सायकलस्वार : आमच्या कालव्याकाठच्या जुन्या पॉप्लरांचे (उंच वाढणारी पानगळीची झाडे) कोवळे शेंडे दर वसंतात काळे पडून आकड्यासारखे वाकतात आणि पाने गळतात. त्यांतल्या त्यात बऱ्या झाडांची छाटकलमे दोन वर्षे लावून पाहिली. ती सहज जगतात, पण त्यांच्यावरही तोच रोग येतो. रोगाला दाद न देणारी देशी रोपे कशी तयार करावीत, एवढेच सांगावे. छाटणीचा हंगाम संपत आला आहे.

द्राक्षबागायतदार : बुरशी दिसते. फूट निघताच मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारावे. आमच्या बागेत द्राक्षाच्या केवडा रोगावर तेच चालते.

सायकलस्वार : साठ फुटी झाडांवर, तेही भर रहदारीच्या काठावर, कोण फवारणार? मी औषध विचारलेले नाही.

यमुनापार : हरियाणात बांधावर जी-४८ हा पॉप्लरचा वाण लावतात, प्लायवूडला उत्तम. तोच मागवावा.

रानवेडी : जी-४८ मूळ अमेरिकी जातीचा आहे आणि प्रश्न देशी झाडाचा आहे. मात्र देश कोणता, झाडे नर की मादी, हे आपण सांगितलेलेच नाही.

सायकलस्वार : मँचेस्टर. मादी झाडांच्या बियांचा कापूस उडतो, तो येथे कधी दिसला नाही. पण नर-मादीचा येथे काय संबंध?

रानवेडी : सगळा संबंध तेथेच आहे. कारखान्यांचा धूर सोसणारी आणि कापूस न उडवणारी म्हणून त्या शहरात मुख्यतः एकाच नर काळ्या पॉप्लरची (ही तेथील देशी जात) कलमे हजारोंनी लावली गेली, आणि २००० सालच्या सुमारास आपण सांगता तो रोग आणणारी व्हेंचुरिया बुरशी आली तेव्हा ती सारी एकसारखीच बळी पडली. आपले कलम म्हणजे तेच झाड पुन्हा. प्रतिकार शोधायचा तर दुसरीकडची मादी आणि बियांपासूनची रोपे हवीत.

यमुनापार : एवढा खटाटोप कशाला? एक चिवट झाड निवडून त्याचीच कलमे वाढवावीत.

रानवेडी : युरोपात ‘बोप्रे’ या संकरित वाणाचे तेच झाले, तांबेरा या दुसऱ्या बुरशीरोगाच्या नव्या प्रकाराने १९९४ मध्ये त्याचा प्रतिकार मोडला. एकाऐवजी अनेक वेगवेगळी रोपे रोगट झाडांजवळ ठेवून पारखावीत. बी काही आठवडेच जिवंत राहते, म्हणून ते लगेच ओल्या, उघड्या गाळावर पेरावे. शिवाय जवळच्या संकरित पॉप्लरांचे पराग मादीवर पडले, तर देशी रोप मिळणारच नाही. तेव्हा फुलोरा पिशवीत झाकून देशी नराचे पराग हाताने द्यावेत.

सायकलस्वार : मादी ओळखायची कशी?

रानवेडी : वसंतात पाने फुटण्याआधी नराचे लोंबते तुरे लाल, तर मादीचे हिरवे असतात. उन्हाळ्यात पानांचे देठही पाहावेत. मावा किडीने केलेल्या पिळदार गाठी असतील, तर झाड बहुधा शुद्ध काळे पॉप्लर असते.