लावायचं फिनास्टराइड आणि रक्त

"गोळी घ्यायची नाही, नुसतं टाळूला लावायचं, मग अंगात काय जाणार?" हा फिनास्टराइड या केसगळतीवरच्या औषधाबद्दल इथल्या चर्चेत मांडला गेलेला मुद्दा मला अर्धाच पटला. फिनास्टराइडच्या ०.२५ टक्के स्प्रेच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातलं डीएचटी (केस गळायला कारणीभूत ठरणारं पुरुषी संप्रेरक, हे औषध तेच कमी करतं) गोळीवाल्यांत साधारण ५५ टक्क्यांनी उतरलं, तर स्प्रेवाल्यांत ३५ टक्क्यांच्या आसपास. केस मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच वाढले. तेव्हा धोका कमी म्हणा हवं तर, पण शून्य म्हणू नका. शिवाय ही एका ठरावीक स्प्रेची, मोजून मारलेल्या मात्रेची गोष्ट. मिनॉक्सिडिलमध्ये, म्हणजे केसांसाठी टाळूला लावायच्या दुसऱ्या औषधात, मिसळून मिळणाऱ्या कुठल्याही बाटलीला ती तशीच्या तशी लागू होत नाही. टक्केवारी काय आणि एका वेळी किती मिली लावायचं, हे लेबलवर धड नसेल तर मी ती बाटली घेणार नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

इथे अजून कुणी न काढलेली बाब म्हणजे घरातली माणसं. मी हे लावतो. द्रावण पाण्यासारखं पातळ, जरा जास्त झालं की कपाळावरून, कानामागून ओघळतं, आणि ओल्या डोक्याने आडवं झालं तर उशीला लागतं. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला फिनास्टराइडने बाधा येऊ शकते, त्यामुळे घरात कुणी गरोदर असेल किंवा तसा विचार चालू असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा. हात लगेच साबणाने धुवायचे, टाळू पूर्ण वाळू द्यायची, अभ्रा वेगळा ठेवायचा. आणि गुण आला की नाही याचा निकाल सहा महिन्यांच्या आत लावू नका. केसांचं चक्रच तेवढं संथ असतं.