पुरात अडकलो तर दोन आठवडे पुरेल असं काय भरून ठेवावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही गोव्यात सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या बाजूला राहतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं आणि त्याच वर्षी जुलैत म्हादई नदीचा पूर. तेव्हापासून वाटतं, निदान दोन आठवडे बाहेर न पडता निभावेल एवढं घरात असावं. आम्ही पाच जण, त्यात सासूबाईंना मधुमेह आणि धाकटी दोन वर्षांची.

उकडे तांदूळ, कुळीथ, सोलां (आमसुलं), सुकी मासळी हे पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्यासाठीची साठवण, मे महिन्यात भरतोच. पण ते शिजवायला गॅस आणि स्वच्छ पाणी लागतं. सिलिंडर संपला आणि विहिरीत गढूळ पाणी शिरलं तर? न शिजवता खाण्यासारखं मला पोहे, भाजलेले चणे, शेंगदाणे, खजूर, गूळ एवढंच सुचलं, आणि त्यातलं गोड सासूबाईंना चालणार नाही. त्यांच्यासाठी काय ठेवू?

पाण्याची काळजी जास्त आहे. माणशी दिवसाला तीन लिटर धरले तरी 210 लिटर होतात. तुम्ही कशात साठवता, किती दिवसांनी बदलता?

शिवाय जूनमध्ये डाळींना कीड लागते, सुक्या बांगड्यांना बुरशी येते. डबे घट्ट लावूनही दमटपणा शिरतोच. ज्यांचं सामान चतुर्थीपर्यंत चांगलं टिकतं, त्यांनी कृपया सविस्तर सांगा.