मदत हवी आहे: आईला सीओपीडी आहे, बाळंतपणासाठी डेन्व्हरला आणू का?

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरला राहते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली माझी तारीख आहे, पहिलंच. आई साताऱ्याजवळच्या गावात असते, वय ६६. व्हिसा आहे, तिकीट काढायचं की नाही इथे घोडं अडलंय, कारण तिला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा, कायमचा फुफ्फुसाचा आजार.

तिने आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावलेला नाही, घरातही कोणी ओढत नाही. चाळीस वर्षं चूल. शेणी, तुराट्या, पावसाळ्यात ओलं सरपण. गॅस आला तरी भाकरी चुलीवरच, कारण आप्पांना गॅसवरची गोड लागत नाही. गावातले डॉक्टर कितीतरी वर्षं "दमा आहे" म्हणून गोळ्या देत राहिले. तीन वर्षांपूर्वी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी झाली तेव्हा कुठे खरं नाव कळलं. चाचणी घेणारी मुलगी "आजी फुंका, फुंका, अजून फुंका" करत होती आणि आई धापा टाकत तिला म्हणाली, "अगं, जन्मभर फुंकणीच फुंकलीय, आता उरलंय काय?"

ताजे आकडे: पंप घेतल्यावर एफईव्ही-वन (पहिल्या सेकंदात जोरात बाहेर सोडता येणारी हवा) अपेक्षेच्या ४१ टक्के. ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन बसून ९३, अंगणात दोन फेऱ्या मारल्या की ८७. गेल्या वर्षभरात दोनदा छाती भरून दवाखान्यात राहावं लागलं. घरी ऑक्सिजन लागत नाही. औषधं म्हणजे सकाळी रोटाहेलरमधून (त्यातून औषधाची पूड श्वासाने ओढायची असते) टायोट्रोपियम-फॉर्मोटेरॉलची कॅप्सूल, डेरिफायलिनची गोळी, आणि अगदीच दम लागला तर अस्थालिनचा पंप.

विमानात तिला काय होईल ही एक भीती. दुसरी डेन्व्हरची, हे शहर उंचावर आहे आणि तिला इथे तीन महिने राहायचंय. त्यात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगितलं की इथलं नॅशनल ज्युइश हे फुफ्फुसांसाठी नावाजलेलं रुग्णालय आहे, आल्यासारखं तिथे दाखवा, हल्ली फुफ्फुसात व्हॉल्व्ह बसवतात, इंजेक्शनं निघाली आहेत. खरंच तिच्यासाठी काही आहे का? की उगाच आशेला लावल्यासारखं होईल?

आईला विचाराल तर ती येणारच आहे. डिंकाचे लाडू विमानात चालतात का, एवढीच तिची चौकशी.

---

कोरडा_पाऊस

ताई, मी दोन वर्षांपूर्वी वडिलांना ह्यूस्टनला आणलं होतं, त्यांनाही हेच. विमानाचं सांगतो, बाकी डॉक्टर लोक सांगतील.

स्वतःचा ऑक्सिजन सिलिंडर विमानात नेता येत नाही. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं छोटं यंत्र चालतं, तेही एफएए-मान्य (अमेरिकेचं विमान वाहतूक खातं) असा शिक्का असलेलं. अमेरिकेला येणाऱ्या विमानात ते वापरू द्यावंच लागतं, पण कंपनी ४८ तास आधी कळवायला सांगू शकते, डॉक्टरांचं पत्र मागू शकते आणि उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या बॅटऱ्या आणा म्हणू शकते. दहा तासांचा टप्पा असेल तर पंधरा तासांच्या बॅटऱ्या. सीटखाली चार्जिंग असतं या भरवशावर राहू नका, आमच्या रांगेतलं बंद होतं. बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या, सामानात टाकायच्या नाहीत. मुंबईहून युरोपपर्यंतच्या टप्प्याला अमेरिकेचा नियम लागू होईलच असं नाही, तिथे त्या कंपनीला वेगळं विचारा. आम्ही फॉर्म दोनदा भरला, कारण पहिला "मिळाला नाही".

व्हीलचेअर घ्याच. आपल्याकडे धडधाकट माणसंही इमिग्रेशनची रांग टाळायला घेतात, तुमच्या आईंना तर हक्काची आहे.

आणि विम्याचं. व्हिजिटर पॉलिसीत आधीपासूनचा आजार सहसा धरत नाहीत. फार तर "अचानक उद्भवलेला त्रास" एवढंच मान्य, आणि अचानक कशाला म्हणायचं ते त्यांच्या व्याख्येप्रमाणे. वडिलांना सहाव्या आठवड्यात छातीचा संसर्ग झाला. चार दिवस आधीपासून खोकला होता हे मीच इमर्जन्सीत प्रामाणिकपणे सांगितलं, तेच कागदावर आलं, आणि दावा नामंजूर. बिल पाच आकडी डॉलरमध्ये. पॉलिसी घेण्याआधी त्या एका कलमाची व्याख्या शब्दन् शब्द वाचा.

---

आजीबाईचा_बटवा

अडुळशाचा काढा आणि ज्येष्ठमध सुरू करा. शिवाय माझ्या नणंदेच्या ओळखीत एकांनी परदेशात जाऊन स्टेम सेल घेतल्या, आता जिने चढतात म्हणे.

---

छातीठोक

मी पुण्यात छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. आईंना तपासलेलं नाही, तेव्हा हे त्यांच्या डॉक्टरांना विचारायचे मुद्दे समजा.

आधी वरचं निस्तरतो. सीओपीडीसाठी स्टेम सेलच्या एकाही उपचाराला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या खात्याची, मान्यता नाही. लोक शेत विकून जातात त्यासाठी. अडुळशाबद्दल माझं भांडण नाही, फक्त पंप बंद करून काढा नको.

आता विमान. विमान ३५ हजार फुटांवर उडतं, पण आतली हवा जास्तीत जास्त ८००० फूट उंचीवर असते तशी विरळ असते. जमिनीवर २१ टक्क्यांऐवजी १५ टक्के ऑक्सिजन असलेली हवा घेण्यासारखं ते आहे. ७८७ किंवा ए३५० जातीच्या विमानात ही मर्यादा ६००० फूट आहे, म्हणून तिकीट काढताना विमान कोणतं ते बघा. बसून ९३ आणि चालल्यावर ८७ असणाऱ्या माणसाला वर ऑक्सिजन लागण्याची शक्यता बरीच. अंदाजावर सोडू नका. एक चाचणी असते, मास्कमधून १५ टक्के ऑक्सिजनची हवा वीस मिनिटं देऊन बोटावरचा आकडा बघतात. ८५च्या खाली गेला तर विमानात ऑक्सिजन, मिनिटाला साधारण २ लिटर. कॉन्सन्ट्रेटरवरचा "२" म्हणजे २ लिटर असं मात्र समजू नका. लहान यंत्रं श्वास ओढला की झटका देतात, सतत वाहत नाहीत. यंत्र आईंच्या नाकाला लावून, चालवून, तपासून घ्या.

पण ताई, मला तुमच्या विमानापेक्षा तुमच्या शहराची काळजी वाटते. विमान वीस तासांचं. डेन्व्हर १६०९ मीटरवर आहे, तिथली हवा इथल्या हिशेबात १७ टक्के ऑक्सिजनची, आणि ती तीन महिने, रात्रंदिवस, झोपेतसुद्धा. आई महाबळेश्वरला कधी गेल्या होत्या का? तेव्हा काय झालं?

---

चाफेकळी

डॉक्टर, गेली होती. दोन वर्षांपूर्वी क्षेत्र महाबळेश्वरला. देवळापर्यंत जाताना तीनदा बसली. आम्ही म्हटलं घाटाने मळमळलं असेल.

---

छातीठोक

महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तुमचं घर त्याच्याही वर अडीचशे मीटर. भावाला सांगा, आईंना घेऊन एक रात्र तिथे राहा, सोबत ऑक्सिमीटर. बसून, चालून आणि झोपेत असे तीन आकडे लिहून काढा. ही काही शास्त्रशुद्ध चाचणी नाही, पण एसटीच्या तिकिटात होते. आकडा ८५च्या खाली गेला तर लगेच बसवायचं, आणि तसाच राहिला तर सरळ खाली उतरायचं.

उपचारांबद्दल. व्हॉल्व्हला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली, चांगलं साधन आहे, पण ते फुफ्फुस फुग्यासारखं फुगलेल्या, एम्फिसीमाच्या रुग्णासाठी. चुलीच्या धुराचा आजार बहुतेक वेळा श्वासनलिकांत जास्त असतो आणि एम्फिसीमा कमी. सीटी स्कॅनशिवाय सांगता येणार नाही, पण मी त्यावर आस लावून बसणार नाही. शिवाय व्हॉल्व्ह बसवल्यावर दर चार रुग्णांत साधारण एकाच्या छातीत हवा साठते, नळी टाकावी लागते. ते बाळंतिणीच्या घरात? इंजेक्शनांपैकी एक म्हणजे ड्युपिलुमॅब, सप्टेंबर २०२४ मध्ये सीओपीडीसाठी मंजूर झालं. ते रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ३००च्या आसपास किंवा वर असतील आणि तीन औषधांचा पंप घेऊनही आजार उसळत असेल त्यांना. आईंचा साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारा तपास बघा, त्यात ती संख्या असते. नॅशनल ज्युइश खरंच मोठं आहे. १८९९ साली क्षयरोग्यांसाठी सुरू झालं, तेव्हा लोक कोरड्या डोंगरी हवेसाठी डेन्व्हरला यायचे. तुमच्या आईंचं नेमकं उलटं आहे.

त्याआधी एक करा. व्हिडिओ कॉलवर आईंना रोटाहेलर घ्यायला सांगा. काही बोलू नका, फक्त बघा.

---

बोल्डरचा_बाळ्या

इथे नाकात नळी घालून बाजारहाट करणारे म्हातारे रोज दिसतात, कोणी वळूनही बघत नाही. तेव्हा ऑक्सिजन लागला तर लागला, आईंनी लाजायचं कारण नाही. हवा भयंकर कोरडी आहे, कफ घट्ट होतो, पाणी पीत राहायचं. उन्हाळ्याच्या शेवटी वणव्यांचा धूर येतो, ऑक्टोबरच्या मध्यानंतर आणलंत तर बरं. भारतातला नेब्युलायझर आणू नका, तो २३० व्होल्टचा आणि इथे १२०. इथेच घ्या किंवा बॅटरीवरचा आणा. आणि अस्थालिनमधल्या औषधाला डॉक्टरसमोर "साल्ब्युटामॉल" म्हणाल तर थोडं थांबून बघतील, इथे त्याच औषधाला अल्ब्युटेरॉल म्हणतात. टायोट्रोपियम-फॉर्मोटेरॉल एकत्र असलेली ती कॅप्सूल इथे मिळत नाही, पूर्ण मुक्कामाची सोबत आणा, मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट.

---

चाफेकळी

डॉक्टर, तुम्हाला कसं कळलं?

काल कॉल केला. आईने कॅप्सूल घातली, खटकन फिरवली, तोंडाला लावली आणि फुंकली. पांढरी पूड सगळी पदरावर. मग शांतपणे एक श्वास ओढला, पदर झटकला आणि म्हणाली, "झालं." मी विचारलं, रोज असंच घेतेस? तर म्हणे त्या चाचणीवाल्या पोरीने नाही का सांगितलं, जोरात फुंकायचं.

म्हणजे तीन वर्षं औषध पदराने घेतलं. मी हसले आणि मग फोन ठेवून रडले.

---

छातीठोक

कळलं नव्हतं, पण आठवड्याला असे दोन-तीन भेटतात. एकीकडे आम्ही फुंका म्हणतो, दुसरीकडे ओढा म्हणतो, आणि दाखवायला दोन मिनिटं देत नाही. आमची चूक आहे ती.

४१ टक्क्यांवर रोटाहेलर जोरात ओढण्याइतका दमही पुरत नसेल. डॉक्टरांना विचारून पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, त्यातून औषध सावकाश ओढता येतं) करून घ्या. गोळीची गरज आहे का तेही विचारा. सोबत श्वासाचे व्यायाम आणि रोजचं चालणं, ज्याला पल्मनरी रिहॅब म्हणतात. सहा ते आठ आठवड्यांत चालण्यात फरक पडतो, आणि तेवढे दिवस तुमच्या हातात आहेत. फ्लू आणि न्यूमोकोकलची लस राहिली असेल तर आत्ताच. बाळासाठी टीडॅपही, म्हणजे डांग्या खोकल्याची लस.

---

चाफेकळी

सात आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल माफी.

महाबळेश्वरला भाऊ घेऊन गेला. बसून ९०, बाजारात चालताना ८३, तिथेच बाकावर बसवलं. झोपेत ८६. दुसऱ्या दिवशी पुण्यात ती मास्कची चाचणी झाली, सातव्या मिनिटाला ८३. दोन लिटर लावल्यावर ९१. डॉक्टरांनी लिहून दिलं की विमानात पूर्ण वेळ आणि डेन्व्हरला चालताना व झोपताना ऑक्सिजन, आकडा ८८ ते ९२मध्ये ठेवायचा. दम लागला म्हणून आपल्या मनाने वाढवायचा नाही, जास्त झाला तर कार्बन डायऑक्साइड साठून माणूस गुंगतो, हे भावाला तीनदा बजावलं. स्टिरॉइड आणि अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स वेगळ्या पिशवीत, कधी सुरू करायचा ते मराठीत लिहून.

इओसिनोफिल १४० निघाले, म्हणजे इंजेक्शनचा विषय संपला. सीटीत एम्फिसीमा जवळपास नाही, व्हॉल्व्हचाही संपला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण स्पेसर सुरू झाल्यापासून अंगणातल्या दोन फेऱ्यांच्या सहा झाल्यात. एफईव्ही-वन ४१चा ४३ झालाय फक्त.

येतेय ती, १८ ऑक्टोबरला, फ्रँकफर्टवरून, भाऊ सोबत. इथे मशीन भाड्याने ठरवलंय. सासूबाईही तयार राहणार आहेत, आईला परत पाठवावं लागलं तर. तेही ठरवून ठेवलंय, आठवडाभर आकडा खाली राहिला तर तिला परत न्यायचं, हट्ट ऐकायचा नाही.

एक नवीन भानगड. आई बाळाला शेक आणि धुरी देणार म्हणते. शेगडीवर ओवा, शेपा, लसणीची सालं. तिने भावाकडून घडीची लोखंडी शेगडी मागवली आहे आणि ती साडीत गुंडाळून बॅगेत ठेवली आहे.

---

छातीठोक

शेगडी बॅगेतून काढा. बाळाला धूर नको, आईंना तर नकोच, आणि ऑक्सिजनच्या नळीजवळ निखारा म्हणजे सरळ आग. शेक गरम कापडाचा द्या.

---

चाफेकळी

हे मी तिला सांगू शकत नाही. तुम्ही एकदा कॉलवर सांगाल का? तुम्ही "फुंकू नका" म्हणालात ते तिने ऐकलं होतं.

---

बोल्डरचा_बाळ्या

लाडवांचं कोणी बोललंच नाही. खाण्याचं सामान आहे असं कस्टमला सरळ सांगायचं, लपवायचं नाही. आणि जास्तीचे आणा, आम्ही अर्ध्या तासावर राहतो.