सात लाखांत जुनी पण भरवशाची एसयूव्ही: तुमचे अनुभव लिहा

रानजाई (नाशिक)

घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे आता हॅचबॅकमध्ये वाकून बसू देत नाहीत, आणि सासऱ्यांना शिमग्याला आणि गणपतीला संगमेश्वर चुकवायचं नसतं. नवीन गाडी परवडणारी नाही. सात लाखांत, ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि पहिलं सर्व्हिसिंग धरून, सेकंडहँड एसयूव्ही घ्यायचं ठरतंय.

'टॉप टेन' याद्या व्हिडिओंमध्ये भरपूर पाहिल्या. मला तुमच्याकडून वेगळं हवंय. गाडी घेताना काय तपासलंत? कशावरून नको म्हणालात? कागदपत्रांत कुठे अडलात? पहिल्या वर्षात खिशाला किती चाट बसली? कंपन्यांवरून भांडणं नकोत, प्लीज.

डिझेलवाला (कोल्हापूर)

ताई, पहिली गोष्ट, गाडी बघायला सकाळी लवकर जावा आणि मालकाला सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत स्टार्टर मारू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर विचारायचं का. थंड इंजिन एका स्टार्टरमध्ये उचलतंय का, तिथंच निम्मी परीक्षा होते.

मग धूर बघा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातंय. रेस केल्यावर काळा लोट येत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टरकडं संशय. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ दिसते ती चालते, पण गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबला नाही तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केटचं काम. तिथून सरळ घरी या.

चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवायचं. हलकं थरथरलं तर ठीक. नाचून खाली पडलं आणि भोकातून धूर भसाभसा आला तर मेकॅनिक म्हणतात 'बॅक कॉम्प्रेशन मारतंय'. पिस्टनच्या रिंगा गेल्या. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं पाहिजे. बंद न पडता नुसतं गुरगुरत राहिलं तर क्लच प्लेट संपलीय, तेवढे पैसे भावातून कापा.

माझी 2014 ची स्कॉर्पिओ, 2.2 एमहॉक. टायमिंगला (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला) चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळं ठरावीक काळानं बेल्ट बदलायची भानगड नाही. पहिल्या वर्षी चार टायर, पुढचे बुश, लिंक रॉड आणि बॅटरी मिळून साठ-पासष्ट हजार गेले. त्यानंतर शांत आहे. मागचे टायर ढकलणारी गाडी आहे, उसाच्या रानातनं चिखलात निघते. पण शहरात रोज ऑफिसला न्यायची असेल तर मी घ्या म्हणणार नाही.

आदिती_जे (ठाणे)

कुणी मोजलं का? सहा माणसं आहेत. पाच सीटची एसयूव्ही पुरणार कशी?

पेशवेपार्क (पुणे)

मीटरवर विश्वास ठेवू नका, एवढ्यासाठी लिहितोय. मीटर मागे घेणं हे तासाभराचं काम आहे.

एक डिझेल गाडी बघितली होती. चकाचक पॉलिश, सीट कव्हर नवी, मीटर 61 हजार. बायकोने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खांबावर आतल्या बाजूला ऑइल बदलल्याचा छोटा स्टिकर दिसला. बॉलपेनने लिहिलेलं, अर्धवट खरवडलेलं, पण आकडा वाचता येत होता: पुढचं सर्व्हिसिंग 1,12,000. एजंटने लगेच 'तो दुसऱ्या गाडीचा चिकटला असेल' असं सांगितलं. त्यावर काय बोलणार!

त्यानंतर क्रम ठरवला. गाडीचा नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जायचं आणि प्रत्येक भेटीचं किलोमीटर विचारायचं. काही जण मालकाला घेऊन या म्हणतात, मग मालकालाच न्यायचं. जो यायला टाळाटाळ करतो, त्याची गाडी टाळायची. पेडलचं रबर, स्टिअरिंगचा गुळगुळीतपणा आणि ड्रायव्हर सीटची बाजूची उशी बघा. पन्नास हजार किमीत ब्रेक पेडल चकचकीत होत नाही. टायरवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. 2019 ची गाडी 'फक्त तीस हजार चालली' आणि चारही टायर 2023 चे, तर विचारा का बदलले.

आम्ही शेवटी 2020 ची विटारा ब्रेझा पेट्रोल घेतली, कारण आमचं रोजचं अंतर बारा-पंधरा किमी. इतक्या कमी चालण्याला बीएस-6 (धुराचे नवे, कडक नियम पाळणारी) डिझेल नकोच. एप्रिल 2020 नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. काजळी जळायला गाडी मधूनमधून हायवेवर बराच वेळ पळावी लागते. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ती पळणार कुठे?

कुंभार्ली (चिपळूण)

22 जुलै 2021 ला आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. महाडलाही तेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर. या गाड्या कुठे गेल्या असं वाटतं? काही भंगारात, बऱ्याच धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकायला. नाशिककर म्हणूनच जास्त सांभाळा, तुमच्याकडे पुराची गाडी कुणाच्या डोक्यात येत नाही.

ओळखायची कशी? सीटबेल्ट पूर्ण, शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग शाम्पूने धुतलेला असतो, पण गुंडाळीतल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची तपकिरी रेघ राहते. आमच्या शेजाऱ्यांना आलेल्या गाडीत ही रेघ इतकी सरळ होती की पाणी कुठपर्यंत चढलं ते पट्टीने मोजता आलं असतं. मग सीट पुढे सरकवून खालच्या रुळांचा आणि बोल्टांचा गंज बघा. स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवा, बारीक माती लागते. मॅट उचलून खालच्या नमद्याचा वास घ्या. गाडीत भरमसाट अत्तर मारलेलं असेल तर काचा बंद करून एसी चालवा आणि दहा मिनिटं बसून राहा. इन्शुरन्सचा क्लेम झाला होता का, तेही सर्व्हिस सेंटरच्या नोंदीत कळतं.

आणि हे फक्त पुराचं नाही. किनाऱ्यालगत वर्षानुवर्षं उभी असलेली गाडीही खालून खाऱ्या हवेने खाल्लेली असते. लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. कोकणातलाच माणूस सांगतोय.

मु_पो_लातूर

बोलेरो घ्या. विषय संपला.

आदिती_जे (ठाणे)

@मु_पो_लातूर, संपला कसा? बोलेरो दणकट आहे, गावोगावी तिचा मेकॅनिक मिळतो, मान्य. पण जुन्या मॉडेलमध्ये मागे समोरासमोर आडवी बाकडी असतात. तिथे मुलांना बसवून मुंबई-गोवा हायवेवर निघणं मला पटत नाही.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल 2019 पासून, ड्रायव्हरची एअरबॅग जुलै 2019 पासून आणि शेजारच्या सीटची त्याच्याही नंतर. त्याआधीच्या बेस मॉडेलांत, कुठल्याही कंपनीच्या, यातलं काहीच नसू शकतं. विकणारा 'टॉप कंडिशन' म्हणतो, 'टॉप मॉडेल' म्हणत नाही. व्हेरिएंट विचारून घ्या. पाच सीटवर भागणार असेल तर 2018 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या टक्कर-चाचणीत नेक्सॉनला पाच आणि ब्रेझाला चार तारे मिळाले होते. अर्थात ते न ठोकलेल्या गाडीचे तारे. चॅसी वेल्डिंग करून सरळ केलेल्या गाडीला कसले तारे!

मु_पो_लातूर

ताई, आमच्याकडं रस्ता असा आहे की ऐंशीच्या वर काटा जातच नाही. पण एअरबॅगचं पटलं. मुलीसाठी बघताना ध्यानात ठेवतो.

रानजाई (नाशिक)

किती उपयोगी लिहिताय सगळे! सहा माणसांचा प्रश्न खरा आहे. घरी विषय काढला तर सासरे म्हणाले, 'मी एसटीने येतो, मला अर्धं तिकीट आहे.' सासूबाईंनी त्यावर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. म्हणजे सात सीट नक्की. अर्टिगा एसयूव्ही नाही हे माहीत आहे, पण कुणाची असेल तर लिहा. नवऱ्याचा एक मित्र दिल्लीहून गाडी आणू म्हणतोय, तिकडे फार स्वस्त असतात म्हणे.

गोदाकाठ (नांदेड)

दिल्लीची गाडी स्वस्त का, ते समजून घ्या. दिल्ली-एनसीआरमध्ये डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षांची मर्यादा घातली गेली, म्हणून आठ-नऊ वर्षांची चांगली डिझेल गाडी तिथले लोक मिळेल त्या भावाला काढतात. गाडी वाईट असते असं नाही. आमची आहे, एक्सयूव्ही 500, आणि छान चाललीय.

पण भावात हे मिळवा: तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला (फॉर्म 28), इकडे आणायचा खर्च, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरून एमएच नंबर, एजंटची फी. इकडे आणून बारा महिन्यांच्या आत नवा नंबर घ्यावा लागतो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो, पण तो येईल तेव्हा आला म्हणायचं. आमची सगळी बेरीज झाल्यावर इथल्या भावात आणि त्या भावात चाळीस-एक हजारांचाच फरक उरला. नवऱ्याच्या मित्राचा तिकडे ओळखीचा मेकॅनिक असेल तर बघा, नाहीतर फोटोवरून टोकन देऊ नका.

मांडवी (पणजी)

गोव्याच्या गाड्यांबद्दलही लोक विचारतात. इथल्या भाड्याने चालवायला देतात त्या गाड्यांना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. काही वर्षांनी त्या खासगी करून विकतात, तेव्हा पाटी पांढरी होते. तीच कथा तुमच्याकडच्या पिवळ्या पाटीच्या टॅक्सींची. इनोव्हा आणि अर्टिगा घेताना हे जास्त बघावं, कारण त्याच टॅक्सीला सर्वांत जास्त चालतात. 'सिंगल ओनर' हे खरं असतं हो, पण त्या एका ओनरचे ड्रायव्हर किती, ते आरसीवर येत नाही. नंबर प्लेटच्या कडेला जुना रंग, छतावर कॅरियरची भोकं, डॅशबोर्डवर टॅक्सीचा मीटर काढल्याची खूण, हे शोधा.

घाटवाट (पुणे)

2015 ची डस्टर, 85 पीएस डिझेल. ताम्हिणी, वरंधा, आंबोली, सगळीकडे खड्ड्यांतून न कुरकुरता जाते, सस्पेन्शनच्या मी प्रेमात आहे. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, तेव्हा बेल्ट बदलल्याचं बिल दाखवा म्हणायचं. तोंडी 'बदललाय' चालणार नाही. बिल नव्हतं, म्हणून मी आधी बेल्ट, वॉटर पंप बदलून घेतले आणि तेवढी रक्कम भावातून कमी करून घेतली. डस्टर भारतात 2022 मध्ये बंद झाली आणि फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. त्यामुळे अशा गाड्या वयाच्या मानाने स्वस्त मिळतात. तुमच्या गावात पार्ट देणारं दुकान आणि हात बसलेला मेकॅनिक असेल तर हा सौदा फायद्याचा. नसेल तर सोडून द्या.

नाव_नको_गाडीचं

आमचा अनुभव कडू आहे, पण गाडीचं नाव लिहीत नाही, कारण तेच मॉडेल मेहुण्याकडे उत्तम चाललंय. एका मोठ्या शोरूमसारख्या दुकानातून घेतली. 'दोनशे पॉइंट तपासणी'चा रंगीत कागद मिळाला. दोन महिन्यांनी कळलं की आधीच्या मालकाचं कर्ज फिटलेलंच नाही. आरसीवर बँकेचा बोजा तसाच, ट्रान्सफर अडकलं, दुकानदार रोज 'उद्या एनओसी येते' म्हणायचा. ती यायला आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत जे शिकलो ते लिहितो. सरकारच्या 'वाहन' साइटवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून हायपोथिकेशन (कर्जाचा बोजा) आहे का ते स्वतः बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेताना मालक समोर हवा. ई-चलन थकलेली किती आहेत तेही तिथेच बघा. एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृतता घ्यावी लागते. ती आहे का, हा एक प्रश्न विचारला की समोरच्याचा चेहरा बरंच सांगतो.

पेशवेपार्क (पुणे)

भावाचं राहिलं. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल 1200 आणि डिझेल 1500 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीही उतरायला हवी. पण बरेच विक्रेते अजून जुन्या भावाला धरून बसतात. त्याच गाडीचा आजचा ऑन-रोड कोटेशन खिशात ठेवून बोला. पेट्रोल घेणार असाल तर आणखी एक: एप्रिल 2023 नंतरच्या गाड्या ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल धरून बनवल्यात. त्याआधीची असेल तर फ्युएल होस आणि पंप मेकॅनिकला बघायला सांगा.

अर्टिगा_घरची (संभाजीनगर)

रानजाई, आमची 2017 ची अर्टिगा डिझेल आहे. आजी-आजोबा मधल्या सीटवर, मुलं शेवटच्या. पाय सहज टाकून बसता येतं, हा सासूबाईंसाठी एसयूव्हीपेक्षाही मोठा फायदा. उंच एसयूव्हीत चढायला गुडघेच लागतात! सासूबाईंना शोरूमला नाही, घ्यायच्या गाडीजवळ न्या आणि बसून उतरायला सांगा. सात माणसं भरली की डिकी उरत नाही, गणपतीचं सामान कॅरियरवर जातं. घाटात एसी लावून भरलेली गाडी चढवताना गिअर खाली टाकावा लागतो. बाकी तक्रार नाही.

डिझेलवाला (कोल्हापूर)

सासूबाईंना न्या, हे बेस्ट. आमच्या आईसाठी स्कॉर्पिओला खाली फूटस्टेप बसवून घ्यावं लागलं.

गोदाकाठ (नांदेड)

ताब्यात घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेबरोबर वेळही लिहा, म्हणजे त्या दिवशीचं चलन कुणाचं यावरून वाद नको. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, तेव्हा प्रीमियम थोडा वाढेल. आणि त्यांचा फास्टॅग आधी बंद करून घ्या. आम्ही राहू दिला होता, तर समृद्धीवर गेलो की जुन्या मालकांचा फोन यायचा, 'कुठे निघालात?'